बी. ए., पण निरक्षर

शांघायहून लिहिलेल्या माझ्या गेल्या काही लेखांवर तुमची जी पत्रे आली, त्यांत एक प्रश्न फिरून फिरून आहे. ‘तुम्ही म्हणे ती चिनी अक्षरे शिकता आहात. एवढी किचकट लिपी या वयात, तीही शिकवणी न लावता, घरच्या घरी येते का? आणि येऊन उपयोग काय?’ प्रश्न दोन आहेत. पहिल्याचे उत्तर ‘येते’ हे आहे, आणि कशी येते ते सांगायला आजचा लेख. दुसऱ्याचे उत्तर बोलता बोलता येईलच.

यजमानांच्या नोकरीमुळे दोन वर्षांपूर्वी आमचे बिऱ्हाड इकडे आले. मी बी. ए. झालेली. आठवड्यातून तीन दुपारी इथल्या काही भारतीय मुलांना मराठी शिकवते. म्हणजे अक्षरओळख करून देणे हाच माझा धंदा म्हणा ना! पण इथे दाराबाहेर पाऊल टाकले की मला काहीही वाचता येत नसे. मिठाची पिशवी कोणती आणि साखरेची कोणती, लिफ्टमध्ये चिकटवलेली नोटीस पाणी बंद असल्याची की आणखी कशाची, दार ढकलायचे की ओढायचे, सगळे दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून करायचे. मोबाईल समोर धरला की भाषांतर मिळते, हे कबूल. पण कणकेच्या हातांनी मोबाईल धरता येत नाही, आणि गोल चकचकीत बाटलीवरची अक्षरे त्यालाही नीट दिसत नाहीत. शिवाय खरे सांगू? प्रत्येक गोष्ट कुणाला तरी विचारायची, मग ते माणूस असो की यंत्र, याचा काही दिवसांनी फार शीण येतो.

चीनमध्ये १९८८ साली निरक्षरता घालवण्यासाठी नियम केले गेले. साक्षर कुणाला म्हणायचे ते त्यांत आकड्यांनी सांगितले आहे: शेतकऱ्याला दीड हजार अक्षरे यायला हवीत, शहरात राहणाऱ्याला दोन हजार. मला आज मोजून सहाशेच्या आसपास येतात. म्हणजे त्या हिशेबाने, बी. ए. असूनही, मी अजून निरक्षरच की! पण दोन वर्षांपूर्वी शून्य येत होती, आणि शून्यापासून सहाशेपर्यंतचा रस्ता कुणाही गृहिणीला चालून येण्याजोगा आहे.

आकड्यांना घाबरू नका

१७१६ साली खांग-शी बादशहाच्या आज्ञेने जो मोठा शब्दकोश तयार झाला, त्यात सत्तेचाळीस हजारांवर अक्षरे आहेत. हा आकडा ऐकूनच माणूस वही मिटतो. पण त्यांतली बहुतेक अक्षरे कोशातच राहणारी. सरकारने २०१३ साली जी प्रमाण यादी काढली तिच्यात ८,१०५ अक्षरे आहेत, आणि रोजच्या वापराच्या पहिल्या गटात ३,५००. आपल्या पहिल्या दोनतीनशे अक्षरांतच आकडे, वार, माणसे, खाणेपिणे आणि रस्त्यावरच्या पाट्या येऊन जातात.

दुसरी गोष्ट. ही अक्षरे म्हणजे हजारो वेगवेगळी चित्रे, ती घोकून पाठ करायची, असा आपला समज असतो. तसे करू गेलात तर पन्नासाव्या अक्षराला डोके दुखेल. स्वयंपाकघरात पदार्थ शंभर असले तरी मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या सहासातच असतात ना? तसेच इथे आहे. थोडे तुकडे पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या जोड्यांनी येतात. त्या मोठ्या कोशात सगळी अक्षरे २१४ खुणांखाली लावलेली आहेत, आणि त्यांतल्या पन्नाससाठ खुणा ओळखीच्या झाल्या की नवे अक्षर परके वाटत नाही.

आता पेन्सिल घ्याच. बेरजेची खूण काढा, आधी आडवी रेघ, मग उभी. झाले ‘दहा’. त्याच खुणेच्या मध्यापासून डावीकडे आणि उजवीकडे एकेक तिरपी रेघ खाली सोडा. हे ‘झाड’. खोडाच्या तळाशी एक आखूड आडवी रेघ मारा, झाले ‘मूळ’. दोन झाडे शेजारी शेजारी काढा, ती ‘राई’. एक वर आणि दोन खाली अशी तीन झाडे काढा, ते ‘अरण्य’. आता एका झाडाच्या डाव्या बाजूला माणूस उभा करा: एक छोटी तिरपी रेघ आणि तिच्या पोटातून खाली एक उभी. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे ‘विश्रांती’. पाच मिनिटांत सहा अक्षरे झाली की नाही?

मात्र सगळेच इतके सरळ नाही, बरं का. एक, दोन आणि तीन हे आकडे एक, दोन आणि तीन आडव्या रेघांनी लिहितात. चारला मात्र निराळेच अक्षर आहे. यावर एक जुनी चिनी गंमत सांगतात. एका श्रीमंताच्या पोराने तीनपर्यंत शिकून ‘मला सगळं आलं’ म्हणून गुरुजींना निरोप दिला. बापाने त्याला आमंत्रणाची चिठ्ठी लिहायला सांगितली, पाहुण्याचे आडनाव ‘वान’, म्हणजे दहा हजार! पोरगा सकाळपासून रेघा ओढत बसला आणि ‘हे असलं कसलं आडनाव घेतलं!’ म्हणून करवादू लागला.

अर्धे अर्थाचे, अर्धे आवाजाचे

बहुतांश चिनी अक्षरांचे दोन भाग असतात. एक भाग अर्थाची दिशा दाखवतो, दुसरा उच्चाराची. घोड्याला म्हणतात ‘मा’. घोड्याच्या डावीकडे ‘बाई’ ठेवली की झाली ‘आई’, तिचाही उच्चार ‘मा’, सूर तेवढा वेगळा. बाईच्या जागी तोंड ठेवले तर वाक्याच्या शेवटी येणारे प्रश्नाचे ‘मा’, म्हणजे आपला ‘का?’. कीटकाची खूण ठेवली तर मुंगीच्या नावातला ‘मा’. आणि घोड्याच्या डोक्यावर दोन तोंडे ठेवली की ‘शिव्या देणे’. आईचा घोड्याशी संबंध काय, असे विचारू नका. घोडा तिथे फक्त आवाज द्यायला उभा आहे.

ही गोष्ट कळल्यावर माझे स्वयंपाकघर वाचू लागले. डावीकडे पाण्याचे तीन थेंब दिसले की काही पातळ किंवा ओले: नदी, समुद्र, तेल, घाम, धुणे. पाण्याच्या थेंबांशेजारी डोळा असेल तर अश्रू. परतणे आणि तळणे यांच्या डाव्या बाजूला जाळ असतो. वाफवणे आणि उकळणे यांच्या खाली चार ठिपके असतात, ते ठिपके म्हणजेही जाळ, भांड्याखाली लावलेला! डोक्यावर गवताची खूण असेल तर वनस्पती: चहा, भाजी, लसूण, फूल, आणि औषधसुद्धा. आमच्या शाकाहारी घराला सर्वांत आधी लागले ते ‘मांस’: खालून उघड्या चौकटीत ‘माणूस’ हे अक्षर एकाखाली एक दोनदा. पिशवीवर ते दिसले की पिशवी परत फळीवर!

दवाखान्यात तर या खुणा फारच कामाला येतात. यकृत, जठर, पाय आणि चेहरा या सर्वांत एकच खूण आहे. ती दिसते चंद्रासारखी, पण अर्थ मांसाचा. दुखणे, आजार आणि वेदना यांवर आजाराचे वेगळे छप्परच असते. त्याच छपराखाली ‘बारीक, रोड’ हेही अक्षर राहते, वजनाचा काटा रोज बघणाऱ्या मैत्रिणींनी नोंद घ्यावी!

बाईची खूण

‘बाई’ या अक्षराचे अगदी प्राचीन रूप गुडघे टेकून, हात पुढे घेऊन बसलेल्या स्त्रीचे आहे. आज ते तीन रेघांत लिहितात. नाती शिकताना ते पदोपदी भेटते: आई, आजी, थोरली बहीण, धाकटी बहीण. आपल्याला एक सोय अशी, की चिनीतही आत्या वेगळी आणि मावशी वेगळी, काका वेगळा आणि मामा वेगळा. इंग्रजीसारखी एकाच पोत्यात भरलेली नाती नाहीत. ‘दूध’ या अक्षरातही डावीकडे बाईच आहे.

बाई आणि मूल मिळून ‘चांगले’. छपराखाली बाई म्हणजे ‘शांतता’. छपराखाली डुक्कर म्हणजे ‘घर’! (वाचून दाखवले तेव्हा आमच्याकडे बराच वेळ हशा चालला होता.) पण पुढे पुढे चेहरा गंभीर होतो. ‘मत्सर’ हा शब्द दोन अक्षरांचा आहे आणि दोन्हींत बाई आहे. ‘गुलाम’ या अक्षरातही बाई आहे. आणि ‘विवाहित स्त्री’ या अक्षराच्या जुन्या रूपात बाईच्या शेजारी चक्क केरसुणी. १९५६ सालापासून चीनने अक्षरे सोपी करायला घेतली, तेव्हा त्या केरसुणीचा वरचा तुकडा तेवढा ठेवून बाकीची काढून टाकली. तैवान आणि हाँगकाँगमध्ये जुनी रूपे चालतात, तिथे केरसुणी अजून आहे. अक्षरे पुरुषांनी घडवली आणि पुरुषांनीच लिहिली, हे असे जागोजागी जाणवते. या विषयाकडे मी पुन्हा येणार आहे.

आता शिकायचे कसे

माझा क्रम सांगते. तुम्हाला सोयीचा वाटेल तेवढा घ्या.

पहिले, वही. आपल्या मुलांची गणिताची चौकटीची वही उत्तम. इथल्या शाळांत मोठ्या चौकटीत अधिकची फुली आखलेली वही मिळते. तुम्ही चार छोट्या चौकटी मिळून एक मोठी धरा, तीच सोय होते. ठिपके जसे रांगोळी तोलून धरतात, तशी ही चौकट अक्षर तोलून धरते.

दुसरे, पुस्तक. मोठ्यांसाठीची जाड पुस्तके नंतर. मी इथल्या पहिलीच्या भाषेच्या पुस्तकापासून सुरुवात केली. त्यातल्या पहिल्या धड्यात सहाच अक्षरे होती: आकाश, भूमी, माणूस, तू, मी, तो. रोमन लिपीत उच्चार लिहिण्याची ‘पिनयिन’ पद्धत १९५८ पासून शाळांतून शिकवतात, पण या पुस्तकात तिच्याआधी ही थोडी अक्षरेच येतात. मुलाने पहिल्याच दिवशी आकाश आणि भूमी लिहून घरी यावे, हे शिक्षिका म्हणून मला फार आवडले.

तिसरे, रेघांचा क्रम. हा मोडू नका. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी आणि उभी मागून. आपण अक्षर आधी काढतो आणि शिरोरेघ शेवटी ओढतो, त्यामुळे सुरुवातीला हात अडखळतो. चौकटीच्या अक्षरांसाठी मुलांना एक सुरेख नियम सांगतात: आधी माणसे आत घ्या, मग दार लावा. ‘देश’ हे अक्षर घ्या. तीन बाजूंची चौकट काढायची, आत रत्न लिहायचे, आणि मगच खालची रेघ ओढून दार बंद. क्रम नीट बसला की हाताला अक्षर आपोआप आठवते, आणि दुसऱ्याचे घाईतले हस्ताक्षरही थोडेफार लागते.

चौथे, वेळ. रोज अर्धा तास, पण तो एकदम मिळेल अशी वाट पाहू नका. मी दिवसाला चारच नवी अक्षरे घेते, आणि आठवड्याचे दोन दिवस नवे काही नाही, फक्त उजळणी. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे तुकडे कापा. एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला उच्चार आणि अर्थ. आलेले तुकडे एका डब्यात, न आलेले दुसऱ्यात. न आलेला डबा रोज, आलेला आठवड्याने, आणि पक्का झालेला महिन्याने उघडायचा. दूध तापेपर्यंत पंधरा तुकडे होतात.

पाचवे, गिरवणे. इथल्या बागांत सकाळी वयस्क मंडळी मोठा कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरे काढत असतात. पाणी वाळले की अक्षर गेले, पुन्हा नवे. आपली धुळाक्षरे आठवतात की नाही? कागद नको, शाई नको. मी ओट्यावर ओल्या बोटाने लिहिते. फक्त डोळ्यांनी पाहून ओळख पक्की होत नाही. इथली माणसेही हल्ली मोबाईलवर उच्चार टाइप करून अक्षर निवडतात, आणि हातात पेन घेतले की अक्षर विसरतात. त्यासाठी चिनीत चार अक्षरांचा शब्दप्रयोगच आहे: ‘पेन उचलले, अक्षर विसरले’!

सहावे, जुळी भावंडे. आपल्याकडे मुले ‘घ’ आणि ‘ध’ यांत गोंधळतात, तसे इथे ‘माणूस’ आणि ‘आत येणे’, ‘माती’ आणि ‘विद्वान’. नुसता एका रेघेच्या लांबीचा फरक. अशी जोडी भेटली की दोन्ही एकाच तुकड्यावर शेजारी शेजारी लिहा. वेगवेगळी शिकाल तर कायम घोळ होईल.

आणि सातवे, अक्षरांमागच्या गोष्टी. ‘बाई अधिक मूल म्हणजे चांगले’ असल्या गोष्टी लक्षात ठेवायला छान, पण प्रत्येक गोष्ट म्हणजे इतिहास नव्हे. स्वतःची गोष्ट रचलीत तरी चालेल. आठवण्याशी कारण!

उपयोग काय?

गेल्या थंडीत धाकट्याला खोकला झाला. औषध आणले. खोक्यावर बारीक चिनी अक्षरे. त्यांत मला एकदम ‘एक’, ‘दिवस’, ‘तीन’, ‘वेळा’ हे दिसले आणि पुढे ‘जेवण’, ‘नंतर’. दिवसातून तीनदा, जेवणानंतर! औषधाची बाब म्हणून दुकानातल्या बाईंना विचारून मी खात्री करून घेतलीच, आणि तुम्हीही अर्धवट वाचनावर औषध देऊ नका. पण त्या दिवशी मी ‘काय लिहिलंय?’ असे विचारले नाही, ‘असंच लिहिलंय ना?’ असे विचारले. मैत्रिणींनो, या दोन प्रश्नांत फार अंतर आहे. ते अंतर काय असते हे मला बी. ए. च्या वर्गात कधी कळले नसते.

मग नावाची वेळ आली. परक्याचे नाव चिनीत लिहायचे तर आवाज जुळणारी, पण अर्थानेही बरी अशी अक्षरे निवडावी लागतात. असे निवडलेले एक नाव आपल्या सोलापूरचे आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला आले, इथली भाषा शिकले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी इथेच वारले, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. त्यांचे चिनी नाव ‘ख दीह्वा’. त्यातल्या ‘ह्वा’ या अक्षराचा अर्थ चीन. क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी १९४१ साली लग्न केले. मुलाचे नाव ठेवले ‘यिनह्वा’: यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. ‘यिन’ या अक्षराचा दुसरा अर्थ आहे शिक्का, ठसा. ही दोन अक्षरे मी स्वतः वाचली तेव्हा लहानपणी ऐकलेली गोष्ट मला पहिल्यांदा जवळची वाटली.

आता ती पुरुषांच्या अक्षरांची गोष्ट. हूनान प्रांतातल्या ज्यांग्योंग भागात जुन्या काळी मुलींना ही अक्षरे शिकवत नसत. तिथे या अक्षरांना नावच होते ‘नानत्स’, म्हणजे पुरुषांची अक्षरे. मग तिथल्या बायकांनी काय करावे? त्यांनी स्वतःची लिपी चालवली, ‘न्यूशू’, बायकांचे लेखन. बारीक, तिरप्या रेघांची अक्षरे, आणि आपल्या अक्षरांसारखी उच्चारावर चालणारी. आई, आत्या आणि शेजारीण यांच्याकडून मुली ती शिकत. मानलेल्या बहिणी तिच्यातून एकमेकींना पत्रे लिहीत, पंख्यांवर आणि कापडावर गाणी उतरवीत. मुलगी सासरी गेली की लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मैत्रिणींकडून तिला कापडी बांधणीची एक छोटी वही जाई, ताटातुटीचे दुःख आणि शुभेच्छा यांनी भरलेली. उरलेली पाने तिने स्वतः भरायची. ही लिपी परंपरेने शिकलेल्या शेवटच्या बाई यांग ह्वान्यी २००४ साली वारल्या.

शाळेत जाऊ लागल्यावर तिथल्या मुलींना त्या लिपीची गरज उरली नाही, आणि ते चांगलेच झाले. पण वेळ नव्हता, पैसा नव्हता, कुणी शिकवायला तयार नव्हते, पाय बांधलेले होते, अशा बायकांनी लिहायचे सोडले नाही. आपल्याला तर कुणी अडवलेले नाही. अडवते ते ‘आता या वयात कशाला’ एवढे एकच वाक्य, आणि बहुतेक वेळा ते आपल्याच तोंडून येते.

एक गोष्ट जाता जाता. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना किंवा गावाकडच्या आजींना लिहायला शिकवायचे मनात असेल, तर पाटीवर ‘अ’ काढून सुरुवात करू नका. त्यांचे स्वतःचे नाव, बसची पाटी, गोळीच्या पाकिटावरचे ‘सकाळ’ आणि ‘रात्र’, यांपासून करा. मोठ्या माणसाला अक्षर का हवे असते, ते मी या दोन वर्षांत पुरेपूर पाहिले आहे.

पुढच्या लेखात चिनी कोशात नवे अक्षर शोधायचे कसे ते सांगेन. तोपर्यंत दहा, झाड, मूळ, राई, अरण्य आणि विश्रांती ही सहा अक्षरे रोज पाच पाच वेळा गिरवून ठेवा. आडवी आधी, उभी मागून!